मेंदूपुढे धरलेला आरसा

उरणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे आणि त्यातला प्रश्न एका ओळीचा : "पाटल्या मोडू का?" त्यांचे यजमान बंदरात क्रेनवर कामाला आहेत, नोकरी पाळ्यांची. गेल्या पावसाळ्यात कामाच्या जागी झालेला एक अपघात त्यांनी वरून, केबिनमधून पाहिला. तेव्हापासून झोप तुटक झाली आहे. फोन वाजला तरी दचकतात, जेवता जेवता ताट सरकवून उठतात, दहा वर्षांच्या मुलावर विनाकारण खेकसतात. मुलाचे वर्गात लक्ष नसते, अशी चिठ्ठी शाळेकडूनही आली आहे. अशा वेळी कोणी तरी एका केंद्राचा पत्ता दिला. तेथे डोक्याला तारा लावून मेंदूला 'सौम्य प्रशिक्षण' देतात. औषध नाही, दुखणे नाही, ताणलेली मज्जासंस्था आपोआप शांत होते, असे त्यांना सांगण्यात आले. बाप आणि लेक मिळून चाळीस बैठका, पैसे आगाऊ, रक्कम यजमानांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. ओळख पटेल असा तपशील गाळून आणि ताईंची संमती घेऊन मी हे येथे मांडत आहे, कारण असाच प्रश्न गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पाटल्या आत्ता मोडू नयेत. या उपचाराला थोतांड म्हणून मी मोकळा होणार नाही, कारण तो थोतांड नाही. त्याच्या मुळाशी खरे विज्ञान आहे, आणि त्या विज्ञानाचा एक धागा उरणपासून घाट चढून गेले की लागणाऱ्या लोणावळ्यातूनही जातो. परंतु विज्ञानातली एखादी गोष्ट खरी असणे आणि तिचा आपल्या घरातील दुखण्यावर उपयोग होणे, यांत बरेच अंतर असते. ते किती आहे हे पाहिल्याशिवाय घरातले सोने बाहेर काढू नये.

प्रथम ते यंत्र काय करते ते पाहू. आपल्या मेंदूतील असंख्य पेशी परस्परांशी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी बोलत असतात. या बोलण्याचा एकत्रित कोलाहल कवटीच्या बाहेर, त्वचेवर, काही मायक्रोव्होल्ट इतक्या क्षीण स्वरूपात उमटतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. भिंतीवरच्या घड्याळातील सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून कल्पना यावी. हे क्षीण तरंग टिपून मोठे करणाऱ्या यंत्राला ईईजी म्हणतात. फीत पाहणारा जाणकार त्यात वेगवेगळ्या गतीचे तरंग ओळखतो. गाढ झोपेत सेकंदाला चारांहून कमी आवर्तने असलेले संथ डेल्टा, पेंगुळलेल्या अवस्थेत चार ते आठांचे थीटा, डोळे मिटून स्वस्थ बसले की आठ ते तेरांचे अल्फा, आणि हिशेब करताना वा भांडताना त्याहून जलद असे बीटा.

न्यूरोफीडबॅक म्हणजे हेच तरंग त्या क्षणी त्याच माणसाला दाखवणे. समोरच्या पडद्यावर एखादा चित्रपट चालू असतो. यंत्राला हवे ते तरंग वाढले की चित्र उजळते, घटले की मंद होते. माणसाने काय करायचे हे कोणी सांगत नाही, सांगताही येत नाही. पण चित्र उजळलेले बरे वाटते म्हणून मेंदू हळूहळू त्या अवस्थेकडे वळू लागतो, अशी कल्पना. सायकल शिकताना तोल कसा सांभाळायचा ते शब्दांत सांगता येत नाही, पडण्या-न पडण्यातून शरीर ते शिकते, तसेच काहीसे. या प्रकारात डोक्यात काहीही सोडले जात नाही. यंत्र फक्त ऐकते.

ईईजीचा जन्म मोठा मौजेचा आहे. हान्स बर्गर हा जर्मन तरुण १८९३ साली लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी, दूर गावी असलेल्या बहिणीला त्याच्याविषयी विलक्षण काळजी वाटून तिने वडिलांना तार करायला लावली. हे मनाचे मनाला कसे कळले, या एका कोड्यापायी बर्गर मेंदूच्या अभ्यासाकडे वळला. कोडे त्याला सुटले नाही. परंतु १९२४ साली येना येथे त्याने मानवी मेंदूचे विद्युत्‌तरंग प्रथम टिपले आणि पाच वर्षे स्वतःचीच उलटतपासणी करून १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोळे मिटताच अल्फा तरंग उसळतात आणि उघडताच ओसरतात, हे त्यानेच नोंदवले. ही नोंद लक्षात ठेवावी. पडद्यावर अल्फा वाढलेले दाखवून 'पाहा, तुमचा मेंदू शांत झाला' असे कोणी म्हटले, तर डोळे मिटले होते का, एवढे आपण विचारू शकतो.

योगायोग असा की त्याच १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. पूर्वाश्रमीचे ते जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या माणिकरावांकडे शारीरिक शिक्षण, नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग, मध्यंतरी अमळनेरला अध्यापन. योगाने शरीरात नेमके काय घडते ते शिष्याच्या श्रद्धेने मानण्यापेक्षा मोजून पाहावे, असे त्यांना वाटले. पोटाच्या पोकळीत उड्डियान आणि नौली करताना दाब किती उतरतो हे त्यांनी नळ्या जोडून पाहिले, क्ष-किरणांखाली पाहिले, आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून ते आकडे छापले. या माणसाविषयी मला आदर वाटतो तो एका विशेष कारणासाठी. प्राणायामाने शरीरात जादा प्राणवायू शिरतो, अशी समजूत तेव्हाही होती, आजही बागेतल्या शिबिरांत ऐकू येते. कुवलयानंदांनी प्रत्यक्ष मोजले तेव्हा ती टिकली नाही, आणि न टिकल्याचे त्यांनी आपल्याच नियतकालिकात सांगितले. प्राणायामाची महती प्राणवायूत शोधू नका, मज्जासंस्थेवरील परिणामात शोधा, असा त्यांचा रोख होता. आज शंभर वर्षांनी संशोधन त्याच दिशेने चालले आहे.

पुढे १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून मोजमापाची यंत्रे घेऊन भारतात आले आणि ठिकठिकाणच्या योग्यांना भेटले. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांचीही त्यांनी परीक्षा घेतली, दिल्लीचे डॉ. बाळकृष्ण आनंद त्यांच्याबरोबर होते. नाडी खरोखर लागेनाशी झाली, आलेखावर मात्र हृदय चालूच होते. श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळले की रक्ताचा परतीचा ओघ मंदावतो, नाडी आणि हृदयाचे ध्वनी क्षीण होतात, एवढाच तो प्रकार होता. पण त्याच दौऱ्यात त्यांना इच्छेनुसार कपाळाला घाम आणू शकणारा एक योगीही भेटला. म्हणजे दावा मोठा असला की यंत्र त्याला कात्री लावते, आणि सामर्थ्य खरे असले की त्याची नोंदही करते. अमेरिकेतील मेनिंजर संस्थेत १९७० साली स्वामी राम यांनी एकाच तळहाताच्या दोन भागांच्या तापमानात सुमारे १० अंश फॅरेनहाइटचा फरक पाडून दाखवला, अशी नोंद आहे. जी यंत्रणा आपल्या हुकमाबाहेरची मानली जात होती ती शिकवता येते, ही कल्पना अशा नोंदींतून रुजत गेली.

न्यूरोफीडबॅकचा स्वतंत्र प्रवासही याच काळातला. जो कामिया यांनी १९५८च्या सुमारास शिकागोत माणसांना डोळे मिटून बसवले आणि घंटी वाजली की 'आता अल्फा आहे की नाही' ते ओळखायला सांगितले. बरोबर की चूक एवढेच कळवत गेले, तर काही जण अचूक ओळखू लागले. बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना दुधाच्या आमिषाने सेकंदाला बारा ते पंधरा आवर्तनांचा एक विशिष्ट तरंग वाढवायला शिकवले. नंतर अवकाशयानाच्या इंधनातील विषारी द्रव्यावरचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा या शिकवलेल्या मांजरांना आकडी येण्यास इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो असे आढळले. मांजराला बरे वाटण्याची आशा नसते, त्यामुळे मला हा पुरावा नेहमीच वजनदार वाटला आहे. १९७२ साली स्टर्मन यांनी अपस्माराच्या एका तरुण रुग्णावर हाच मार्ग वापरून आकड्या कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत, डोक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात न्यूरोफीडबॅकचा अभ्यास झाला आहे.

इथवरचा इतिहास केंद्राच्या पत्रकातही थोडाफार असतो. अडचण पुढे आहे.

कोणताही उपचार उपयोगी पडला असे म्हणताना तो कशाहून उपयोगी, हे विचारावे लागते. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या, लक्ष न लागणाऱ्या व अतिचंचल अशा १४४ मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांना खरे न्यूरोफीडबॅक मिळाले. उरलेल्यांना तसेच यंत्र, तशाच तारा, तसाच पडदा, मात्र पडद्यावर दिसणारे त्यांच्या स्वतःच्या मेंदूचे नव्हते. कोण कुठल्या गटात हे मुलांना, पालकांना वा उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अडतीस बैठका झाल्या. दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि जवळजवळ सारखीच सुधारली. निद्रानाशावर ऑस्ट्रियात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातही तेच : लोकांना झोप बरी लागल्यासारखे वाटले, खऱ्या गटाला आणि खोट्या गटाला सारखेच, आणि झोपेच्या आलेखात मात्र फरक दिसला नाही.

खोट्या गटातील मुले सुधारली ती कशाने, हा प्रश्न मला खऱ्या गटाच्या प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटतो. आठवड्यातून दोन-तीनदा आई किंवा बाप कामधाम बाजूला ठेवून मुलाबरोबर प्रवास करतो. एक प्रशिक्षित माणूस त्याच्याशी न ओरडता बोलतो. तो अर्धा तास स्थिर बसतो आणि बसल्याबद्दल शाबासकी मिळवतो. घरातील सर्वांना वाटू लागते की आता काही तरी चालले आहे, आणि मुलाकडे पाहण्याची नजर बदलते. शिवाय दुखणे अगदी टोकाला गेले की आपण उपचाराला जातो, आणि टोकाला गेलेले दुखणे काळाने थोडे उतरतेच. यातले काहीच खोटे नाही. पण यातले बहुतेक सारे उरणमध्ये, घरी, पाटल्या हातात ठेवून मिळू शकते.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. भयंकर प्रसंगांच्या जुन्या जखमा घेऊन जगणाऱ्या ५२ जणांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूरोफीडबॅक घेतलेल्यांना स्पष्ट आराम मिळाला. मात्र त्यांची तुलना होती ती उपचाराची वाट पाहत बसलेल्यांशी. खोट्या यंत्राशी नव्हे. म्हणून मी याला आशेचा किरण म्हणतो, पुरावा म्हणत नाही.

'सौम्य' या शब्दाविषयीही सावध राहावे. वर सांगितले ते यंत्र फक्त ऐकणारे. पण याच नावाखाली अशीही काही यंत्रे चालतात जी टाळूवर वा कपाळावर अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह किंवा विद्युत्‌चुंबकीय संकेत सोडतात. प्रवाह क्षीण असेल, पण ऐकणे वेगळे आणि बोलणे वेगळे. कोणत्या प्रकारचे यंत्र आहे, काही आत सोडले जाते का, हे तोंडी विचारून भागत नाही, लेखी मागावे. अपस्मार असलेल्यांनी, हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खुर्चीवर बसूच नये. आणखी एक गोष्ट माहीत असावी : दात आवळले, भुवई उंचावली, मान ताठ केली तरी स्नायूंची वीज मेंदूच्या तरंगांहून कितीतरी मोठी उमटते. निष्काळजीपणे लावलेल्या तारांवर जबड्याचेच प्रशिक्षण व्हायचे आणि श्रेय मेंदूला मिळायचे.

आता यजमानांकडे वळू. दोन महिने झोप नीट नाही, आवाजाने दचकणे, चिडणे, आणि मागे एक अपघात डोळ्यांनी पाहिलेला. हे चित्र मज्जासंस्था 'बिघडल्याचे' मी मानत नाही. आपल्या शरीरात इच्छेविना चालणारी जी स्वायत्त मज्जासंस्था आहे तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा संकटात हृदयाची गती वाढवते, बाहुल्या रुंदावते, पोटाचे काम थांबवून रक्त हातापायांकडे वळवते. परानुकंपी शाखा संकट टळले की सारे पूर्ववत करते, आणि तिचा राजमार्ग म्हणजे मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस ही नाडी. पहारेकऱ्याने खरोखर चोर पाहिला असेल तर पुढचे काही दिवस तो मांजराच्या पावलालाही ओरडणारच. अडचण तेव्हा होते जेव्हा महिने उलटतात आणि पहारा उतरत नाही.

आणि उरणमध्ये पहारा उतरू न देणाऱ्या गोष्टींची वाण नाही. १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले तेव्हापासून येथले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांचे झाले आहेत. अनेक घरांत एकाच आठवड्यात कोणी पहाटे निघतो, कोणी रात्री. करंज्याच्या होड्याही रात्री-अपरात्री सुटतात, पण त्या भरती-ओहोटीच्या तालावर. तो ताल ज्याला कळतो त्याला पंधरा दिवसांनी काय येणार ते आधी ठाऊक असते. पाळीचा तक्ता तसा नसतो. त्यात कंत्राटी कामाची धास्ती. ज्या जमिनींसाठी १९८४च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरातील आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, त्यांच्या पुढच्या पिढीला त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या उद्योगांत नोकरी टिकेल की नाही याचा घोर असतो. अशा घोराला डोक्यावर तारा लावून उत्तर मिळत नाही. ते कामगार संघटनेत, व्यवस्थापनाशी बोलून, कधी रस्त्यावरच मिळते. आरोग्याच्या स्तंभात हे लिहिणे काहींना विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही.

तरी घरी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. मी श्वासापासून आरंभ करीन, कारण तेथेच हे जुने लोणावळ्याचे आणि नवे प्रयोगशाळेचे ज्ञान एकत्र येते. वाचकांनी आताच करून पाहावे. उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवून नाडी शोधावी. मग सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. चार-पाच श्वासांनंतर लक्षात येईल की घेताना नाडी थोडी जलद होते आणि सोडताना मंदावते. तरुणांत हे स्पष्ट जाणवते, वय वाढते तसे कमी होते. सोडण्याच्या वेळी व्हेगस नाडी हृदयावर हलकेच लगाम आवळते, त्याची ही खूण. म्हणजे ज्या परानुकंपी शाखेला आपण हुकूम देऊ शकत नाही, तिच्याशी उच्छ्‌वासाच्या दाराने बोलता येते. हेही फीडबॅकच आहे. आरसा मेंदूऐवजी हृदयापुढे धरलेला, आणि तोही फुकट.

श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला की हृदयगतीचे हे हेलकावे सर्वांत मोठे होतात. कारण आपल्या रक्तदाबाचे नियमन करणारी यंत्रणा स्वभावतःच दहा सेकंदांच्या आसपास एक फेरी पूर्ण करते, आणि श्वास त्याच तालात आला की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे होते. इटलीतील बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. ख्रिस्ती जपमाळेतील लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा 'ओम मणि पद्मे हूम' हा मंत्र, दोन्ही नित्याच्या लयीत म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. एका दमात लांब ओळ म्हणायची, मग श्वास घ्यायचा, ही रीत आपल्याकडच्या पाठांतरातही आहेच. ज्यांना नुसते मोजत बसणे रुक्ष वाटते त्यांनी आपल्या आवडीचे काही संथपणे म्हणावे.

पद्धत साधी आहे. पाठ टेकून बसावे. नाकाने चार आकडे श्वास, मग सहा आकडे उच्छ्‌वास, आकडा साधारण सेकंदाचा. श्वास कोंडून धरायचा नाही, छाती फुगवायची नाही, पोट सैल. पहिले काही दिवस पाच मिनिटे, मग दहा, दिवसातून दोनदा, आणि त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. चक्कर आल्यासारखे झाले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. तसे होणे म्हणजे बहुधा आपण गरजेहून अधिक खोल ओढतो आहोत. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून करावे. काहींना, विशेषतः ज्यांनी भयंकर काही पाहिले आहे त्यांना, डोळे मिटून बसले की तेच दृश्य समोर येते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, खिडकीबाहेर पाहावे. यजमानांना हे मुद्दाम सांगावे. मेहनतीने शांत व्हायचे असते असे समजून कपाळाला आठ्या घालून श्वास मोजणारेही मी पाहिले आहेत. त्यांनी आधी आठी सोडावी.

झोपेचे दुसरे. रात्रपाळीहून सकाळी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा असावा, कारण उन्हाने मेंदूला दिवस उगवल्याची वर्दी जाते. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. टपरीवरचा पहाटेचा कटिंग दुपारपर्यंत रक्तात रेंगाळतो. झोपायची खोली काळोखी असावी, फोन दुसऱ्या खोलीत. झोप येण्यासाठी म्हणून घेतलेली दारू झोप लवकर आणते आणि उत्तररात्री मोडते. परतीचा प्रवास दुचाकीवरून ट्रेलरांच्या मधून असेल आणि डोळे मिटत असतील, तर निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढून, तोंडावर पाणी मारून, पुरते जागे झाल्यावरच गाडी सुरू करावी. या परिच्छेदातील हे एक वाक्य मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

एवढ्यानेही झोप रुळावर आली नाही तर वैद्यकीय तपासणी हवी. रक्तदाब, साखर, थायरॉइड पाहावे. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणे असेल तर त्या विकाराची वेगळी तपासणी असते, आणि तो असेल तर मेंदूचे कोणतेही प्रशिक्षण उपयोगाचे नाही. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली गोळ्यांच्याही आधी एक वर्तनोपचार सुचवला आहे : सीबीटी-आय. अंथरुणातला वेळ आणि खरी झोप यांचा मेळ घालणे, जागे पडून न राहणे, झोपेविषयीच्या भीतीचा निचरा, असे त्याचे घटक आहेत, आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तो काही भेटींत शिकवू शकतो.

आणि तो अपघात. महिने उलटूनही तेच दृश्य वारंवार दिसत असेल, त्या जागेवरून जाणे टाळले जात असेल, तर त्यावर खास मानसोपचार आहेत. घडलेल्या प्रसंगावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केली आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागल्याची कबुली, असे आपल्या घरांत अजून वाटते. क्रेनची तार विरली तर ती बदलणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. पैशाची अडचण असेल तर टेली-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येते, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातील सोय कोठे ते विचारता येते. जीव नकोसा झाल्याचे शब्द एकदाही तोंडून निघाले तर त्याच दिवशी हा फोन करावा आणि त्यांना एकटे सोडू नये.

मुलाविषयी थोडक्यात. आधी डोळे आणि कान तपासावेत. वर्गात लक्ष नसलेल्या कित्येक मुलांना फळा दिसत नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि पाळीच्या घरात दार, दिवा, दूरचित्रवाणी यांत ती सहज कापली जाते. वाचन-लेखनातली अक्षमता आहे का ते शाळेमार्फत पाहावे. त्यानंतरही शंका राहिली तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ. एक प्रयोग मी ताईंना सुचवतो. केंद्राच्या बैठकांना जितका वेळ गेला असता तितका, आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास, बापाने मुलाला द्यावा. पिरवाडीच्या किनाऱ्यावर चालावे, मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन लाँच पाहाव्यात. अभ्यासाचा विषय काढायचा नाही. अपघातापूर्वी ते एकत्र काय करीत असत, ते पत्रात नव्हते; ते मुलाला विचारावे.

हे सर्व सहा-आठ आठवडे करून, तपासणी उरकून, हाती खरोखर मोकळे पैसे असतील आणि तरीही न्यूरोफीडबॅक करून पाहावेसे वाटले, तर माझी हरकत नाही. मात्र उपचार करणारी व्यक्ती पात्रताधारक मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर असावी, चालू औषध बंद करायला तिने सांगू नये, पैसे बैठकीगणिक घ्यावेत, आणि काय सुधारले म्हणजे यश मानायचे ते आधी कागदावर ठरावे. 'सगळ्यावर चालते' असे उत्तर मिळाले की उठून यावे.

तोवर घरात एक दोनशे पानी वही ठेवावी. रोज चार गोष्टी : कोणती पाळी, अंथरुणावर कधी, झोप अंदाजे किती तास, उठल्यावर कसे वाटले. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली तर पाच मिनिटांच्या भेटीत पंधरा मिनिटांचे काम होते. घोरण्याचा पाचवा रकाना मात्र ताईंनी स्वतः भरावा. त्या बाबतीत घोरणाऱ्याची साक्ष कोणी ग्राह्य धरत नाही.